बॉक्सिंग: गाजावाजा किती, चुरस किती?

जॅबवाला

१५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्सासमध्ये आर्लिंग्टनच्या स्टेडियमवर जेक पॉल आणि माइक टायसन लढले. टायसन ५८ वर्षांचा, पॉल २७ चा. फेऱ्या बाराऐवजी आठ, त्याही दोन-दोन मिनिटांच्या, आणि ग्लोव्ह्ज १४ औंसांचे, म्हणजे नेहमीपेक्षा जड. पूर्ण लढतीत टायसनने ९७ ठोसे टाकले, त्यांतले १८ लागले. नेटफ्लिक्सच्या म्हणण्याप्रमाणे जगभरात १० कोटी ८० लाख लोकांनी ती थेट पाहिली.

त्याच्या महिनाभर आधी, १२ ऑक्टोबरला, रियाधमध्ये आर्तुर बेतेरबिएव्ह आणि दिमित्री बिवोल समोरासमोर आले होते. दोघेही अपराजित. बेतेरबिएव्हने तोवर २० लढती खेळल्या होत्या आणि वीसच्या वीस नॉकआउटने जिंकल्या होत्या. लाइट हेवीवेटचे चारही पट्टे पणाला लागले होते. बारा फेऱ्यांनंतर (प्रत्येक फेरीत जिंकणाऱ्याला १० गुण, दुसऱ्याला बहुधा ९) एका परीक्षकाने ११४-११४ अशी बरोबरी दिली, बाकी दोघांनी ११५-११३ आणि ११६-११२ असा कौल बेतेरबिएव्हला दिला. बॉक्सिंग न बघणाऱ्या कुणाला या लढतीबद्दल विचारून बघा, नावंही माहीत नसतात.

मला गाजावाजाचं वावडं नाही. लढतीच्या आधी बोलबाला हवाच, त्याशिवाय तिकिटं खपत नाहीत, आणि मुहम्मद अलीइतकं ते कुणालाच जमलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वी लढत ठरायची आणि मग तिचा डंका पिटला जायचा. आता डंका किती वाजेल यावर कोण कुणाशी लढणार आणि कधी लढणार हे ठरतं. त्यामुळे लढत जितकी अटीतटीची असण्याची शक्यता, तितकी ती पुढे ढकलली जाते.

मेवेदर-पॅकियाओ घ्या, त्या काळातले दोन अव्वल बॉक्सर. २००९ च्या अखेरीस ही लढत जवळजवळ ठरली होती. उत्तेजकांसाठी रक्ततपासणी कधी आणि कशी करायची यावरून बोलणी फिसकटली आणि वर्षामागून वर्षं गेली. मधल्या काळात, डिसेंबर २०१२ मध्ये, मार्केझने एकाच ठोशात पॅकियाओला तोंडघशी पाडलं. शेवटी २ मे २०१५ ला लास व्हेगासमध्ये दोघे भिडले तेव्हा मेवेदर ३८ चा आणि पॅकियाओ ३६ चा होता. अमेरिकेत घरी बसून ती बघायला जवळपास १०० डॉलर पडत होते, तरी ४६ लाख वेळा ती विकत घेतली गेली. पॅकियाओचा खांदा आधीच दुखावलेला होता हे प्रेक्षकांना लढतीनंतर कळलं. मेवेदर उत्तम लढला आणि जिंकला, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण २०१० मध्ये काय झालं असतं ते आता कधीच कळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे सगळ्यांत उशिरा झालेल्या लढतीने सगळ्यांत जास्त पैसा केला, आणि थांबण्यात फायदा आहे हे लढती भरवणाऱ्या सगळ्या प्रमोटरांनी ओळखलं.

दुसरं दुखणं त्या शून्याचं. मेवेदर ५०-० वर, म्हणजे पन्नास विजय आणि शून्य हार घेऊन, निवृत्त झाला आणि तेव्हापासून प्रत्येक होतकरू बॉक्सरच्या भोवतालची माणसं ते शून्य तळहातावरच्या फोडासारखं जपतात. १९४३ मध्ये जेक लामोटाने शुगर रे रॉबिन्सनला हरवलं, रॉबिन्सनची ती कारकिर्दीतली पहिली हार. तारीख ५ फेब्रुवारी. २६ फेब्रुवारीला दोघे पुन्हा लढले आणि रॉबिन्सनने परतफेड केली. लेनर्ड, डुरान, हर्न्स आणि हॅगलर हे चौघे १९८० ते १९८९ मध्ये आपसांत नऊ वेळा लढले, आणि त्यातून एकही जण न हरता बाहेर पडला नाही. त्यांना कुणी त्यामुळे कमी लेखतं का?

तुमचं मत सांगा.

साउथपॉ

जॅबवाला, धागा चांगला काढलात. मेवेदर-पॅकियाओबद्दल दुमत नाही. पण पूर्वी सगळे सगळ्यांशी लढायचे हे चित्र मला मान्य नाही.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसने रिडिक बोला हरवलं होतं. पुढे १९९२ मध्ये बो जगज्जेता झाला, आणि लुईसशी लढण्याची वेळ आली तेव्हा त्याने लंडनमध्ये कॅमेऱ्यांसमोर डब्ल्यूबीसी या संस्थेचा जगज्जेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. हेवीवेटमधले दोन सर्वोत्तम लोक, दोघे ऐन भरात, आणि व्यावसायिक रिंगमध्ये ते एकदाही भेटले नाहीत. तेव्हा यूट्यूबवरचे तारे नव्हते, इंटरनेटवरचा गोंगाटही नव्हता. टाळाटाळ जुनीच आहे.

उलट गेल्या काही वर्षांत ज्या लढती व्हायला हव्या होत्या त्यांतल्या बऱ्याच झाल्या. जुलै २०२३ मध्ये क्रॉफर्डने स्पेन्सला तीन वेळा पाडून नवव्या फेरीत लढत संपवली. मे २०२४ मध्ये हेवीवेटमध्ये उसिक-फ्युरी, डिसेंबरमध्ये पुन्हा उसिक-फ्युरी. तुम्ही सांगितलेली बेतेरबिएव्ह-बिवोल लढत तर चारच महिन्यांत, २२ फेब्रुवारी २०२५ ला परत झाली आणि बिवोलने ती जिंकली. सप्टेंबर २०२५ मध्ये क्रॉफर्ड दोन वजनगट ओलांडून कॅनेलोला हरवून गेला. दहा वर्षांपूर्वी ही यादी कुणी दाखवली असती तर मी विश्वास ठेवला नसता.

आणि पॉल-टायसनच्या त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये, मुख्य लढतीआधी केटी टेलर आणि अमांडा सेरानो लढल्या हे विसरू नका. सेरानोच्या भुवईवरची जखम फाटून डोळ्यात रक्त उतरत होतं, टेलरचा डोकं मारल्याबद्दल एक गुण कापला गेला, तरी दोघींपैकी एकही मागे सरली नाही. तिन्ही परीक्षकांचा कौल ९५-९४, टेलरच्या बाजूने. माझ्या मते सेरानो जिंकली होती, पण तो वेगळा विषय. टायसनच्या नावाने आलेल्या कोट्यवधी लोकांनी त्या रात्री हे पाहिलं. गाजावाजामुळे खऱ्या लढतीला प्रेक्षक मिळत असेल तर त्याला सरसकट शिव्या देणं मला जमत नाही.

दहा-आठ

टेलर-सेरानोबद्दल +१. मी ती तीन वेळा पाहिली आणि तिन्ही वेळा माझं गुणांचं कार्ड वेगळं आलं.

नवी प्रेक्षक

मी पॉल-टायसनमुळेच बघायला लागले, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर समजून घ्या. हे 'चारही पट्टे' काय प्रकरण आहे? एका वजनगटात एकच जगज्जेता का नसतो?

मध्यमवजन

प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सगळं दुखणं तिथेच आहे.

जगज्जेतेपद देणाऱ्या चार संस्था आहेत. १९२१ मध्ये नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन म्हणून सुरू झालेली संस्था १९६२ मध्ये डब्ल्यूबीए झाली. १९६३ मध्ये डब्ल्यूबीसी आली, १९८३ मध्ये आयबीएफ आणि १९८८ मध्ये डब्ल्यूबीओ. वजनगट १७, त्यावर डब्ल्यूबीसीने २०२० मध्ये ब्रिजरवेट नावाचा आणखी एक काढला. म्हणजे एका वेळी सत्तरच्या आसपास जगज्जेते असू शकतात. आणि ही फक्त मुख्य पट्ट्यांची मोजणी झाली. डब्ल्यूबीए एकाच वजनात एकाला 'सुपर' आणि दुसऱ्याला 'रेग्युलर' जगज्जेता ठरवत आली आहे, अंतरिम पट्टे वेगळे. २०१९ मध्ये डब्ल्यूबीसीने 'फ्रँचायझी चॅम्पियन' असं आणखी एक पद काढलं आणि ते आधी कॅनेलोला, मग लोमाचेन्कोला दिलं.

इतके पट्टे का? कारण प्रत्येक जेतेपदाच्या लढतीमागे संस्थेला शुल्क मिळतं, साधारण बॉक्सरच्या मानधनाच्या ३ टक्के. जितके पट्टे तितक्या 'जेतेपदाच्या' लढती, तितकं शुल्क. जाहिरातीत 'वर्ल्ड टायटल' लिहिता आलं की प्रमोटर खूश, वाहिनी खूश. बघणाऱ्याला मात्र कळत नाही की समोरचा माणूस खरोखर जगात पहिला आहे की सातवा.

यातून लागलेला सगळ्यांत जिव्हारी घाव सांगतो. १८ मे २०२४ ला उसिकने फ्युरीला हरवलं आणि लेनॉक्स लुईसनंतर जवळपास २५ वर्षांनी हेवीवेटला एकच निर्विवाद जगज्जेता मिळाला. दीड महिनाही झाला नव्हता तोच आयबीएफचा पट्टा त्याच्या हातून गेला. का? आयबीएफच्या नियमाप्रमाणे त्याने त्यांच्या ठरलेल्या आव्हानवीराशी लढायला हवं होतं, आणि त्याच्या करारात फ्युरीशी दुसरी लढत आधीच लिहिलेली होती. क्रॉफर्डचंही तेच. जुलै २०२३ मध्ये चार पट्टे एकत्र आणले, नोव्हेंबरपर्यंत आयबीएफचा काढून घेतला. जगाला एकच जेता मिळाला की संस्थांची अडचण होते. चौघींच्या आव्हानवीरांशी एका माणसाने एकाच वेळी लढायचं तरी कसं?

क्रमवारीबद्दल तर बोलायलाच नको, तरी बोलतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समधून आलेला फ्रान्सिस एन्गानू आयुष्यातली पहिली व्यावसायिक बॉक्सिंग लढत फ्युरीशी खेळला. तिसऱ्या फेरीत त्याने फ्युरीला पाडलं, थोडक्यात हरला, कौतुक झालं ते योग्यच होतं. पण डब्ल्यूबीसीने त्याला लगेच जगात दहावा ठरवलं. एक लढत, तीही हरलेली! मार्च २०२४ मध्ये जोशुआने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवलं. २०२५ मध्ये जेक पॉलने चावेझ ज्युनियरला हरवलं आणि डब्ल्यूबीएने त्याला क्रूझरवेटमध्ये १४ वा क्रमांक दिला. ज्या पोरांनी दहा-बारा वर्षं घालवून पंधराव्या-सोळाव्या जागेपर्यंत मजल मारली त्यांनी हे बघून काय समजायचं?

अमेरिकेत २००० पासून मुहम्मद अलीच्या नावाचा कायदा आहे. क्रमवारी कशी ठरते ते संस्थांनी उघड करावं, मॅनेजर आणि प्रमोटर यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतू नयेत, बॉक्सरला जाचक करारात अडकवू नये, असं त्यात आहे. कायदा चांगला आहे. तो हातात घेऊन कोर्टात जायची ऐपत किती बॉक्सरांची असते हा प्रश्न उरतोच.

नवी प्रेक्षक

धन्यवाद, आता कुठे उलगडा झाला. मग '२०-०, १८ नॉकआउट' असा रेकॉर्ड दिसला की त्यावर विश्वास ठेवायचा की नाही?

रिंगसाइड

याचं उत्तर मी देतो, कारण कार्यक्रमात मुख्य लढतींच्या आधी होणाऱ्या छोट्या लढती मी मन लावून बघतो.

पीटर बकली नावाचा ब्रिटिश बॉक्सर होता. ३०० लढती खेळला. ३२ जिंकल्या, २५६ हरल्या, १२ बरोबरीत. बाहेरचा माणूस म्हणेल, किती वाईट बॉक्सर. पण बकली नसीम हमीदशी दोनदा लढलाय, आणि नंतर जगज्जेते झालेल्या इतरांशीही. त्याचं कामच ते होतं. नवा मुलगा व्यावसायिक होतो तेव्हा त्याच्या पहिल्या लढतींची तिकिटं तो स्वतःच खपवतो, नातेवाइकांना, मित्रांना, गल्लीतल्या लोकांना. त्या तिकिटांच्या पैशांतून समोरच्याचं मानधन निघतं. मुलगा हरला तर पुढच्या वेळी तिकिटं खपत नाहीत. म्हणून समोर असा माणूस हवा जो चार फेऱ्या नीट लढेल, मुलाला काही शिकवेल, पण त्याची गाडी रुळावरून उतरवणार नाही. बकलीसारख्याला दोन-तीन दिवस आधी फोन यायचा, कधी त्याच दिवशी. तो जायचा, लढायचा, गुणांवर हरायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहायचा. नॉकआउट न होणं हे त्याचं खरं कौशल्य, कारण नॉकआउट झालं की वैद्यकीय बंदी, आणि बंदी म्हणजे कमाई बंद. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. सगळ्या खेळाचा पाया त्यांच्या बरगड्यांवर उभा आहे.

तेव्हा नवी प्रेक्षक, शून्य बघू नका. त्या वीस जणांत कोण होते ते बघा. एडगर बर्लांगाने पहिल्या १६ लढती पहिल्याच फेरीत नॉकआउटने जिंकल्या. सोळा! केवढा बोलबाला झाला. मग २०२१ मध्ये एक चिवट प्रतिस्पर्धी आला, लढत शेवटपर्यंत गेली, आणि त्यानंतर नॉकआउट अचानक आटले. पुढे कॅनेलोने त्याला आरामात हरवलं आणि २०२५ मध्ये हमझा शीराझने पाच फेऱ्यांत गुंडाळलं. पोरगा वाईट नव्हता. शिकण्याच्या वयात त्याला कुणी शिकवलंच नाही, फक्त दाखवलं.

उलट लोमाचेन्को बघा. व्यावसायिक झाल्यावर दुसऱ्याच लढतीत, मार्च २०१४ मध्ये, सालिडोसारख्या मुरलेल्या माणसाशी जेतेपदासाठी लढला आणि हरला. सालिडो वजनात बसला नव्हता, कमरेखाली मारत होता, सगळं खरं. लोमाचेन्कोने तिसऱ्या लढतीत गॅरी रसेलला हरवून पट्टा घेतला. रेकॉर्ड २-१, आणि जगज्जेता. आजचा किती प्रमोटर आपल्या माणसाला असं उतरवेल?

जॅबवाला

रिंगसाइड, तिकिटांचा हिशेब सांगितलात ते फार बरं झालं. शून्य जपण्याची सवय वरून येते असं वाटत होतं, ती तळापासूनच लागते तर.

दहा-आठ

मी गुणांच्या बाजूने बोलतो. गाजावाजा नुसता लढत ठरवून थांबत नाही, कधीकधी तो रिंगच्या आतही पोचतो असं मला वाटतं.

१ मार्च २०२५, ब्रुकलिन. जर्वॉन्टा डेव्हिस विरुद्ध लमाँट रोच. डेव्हिस अपराजित, मोठा तारा. रोच खालच्या वजनगटातला जगज्जेता, त्याला कुणी गणतीत धरलेलं नव्हतं. पण रोच फेरीमागून फेरी बरोबरीने लढत गेला. नवव्या फेरीत रोचचा एक साधा जॅब आला आणि डेव्हिसने आपणहून एक गुडघा टेकला. मग उठून वळला आणि थेट आपल्या कोपऱ्याकडे गेला, तिथे टॉवेलने तोंड पुसून घेतलं. केसांना लावलेलं काहीतरी डोळ्यात गेलं असं त्याने नंतर सांगितलं. ठोसा खाऊन गुडघा टेकला तर तो नॉकडाउन. रेफरीने मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. नॉकडाउन धरला नाही.

निकाल: एकाने ११५-११३ डेव्हिस, दोघांनी ११४-११४. लढत बरोबरीत. तो नॉकडाउन धरला असता तर डेव्हिसचा किमान एक गुण गेला असता, दोन्ही बरोबरीची कार्डं रोचकडे झुकली असती आणि रोच जिंकला असता. एका माणसाचं आख्खं आयुष्य त्या काही सेकंदांत फिरलं. रिंगमध्ये रोचच्या जागी डेव्हिस असता आणि डेव्हिसच्या जागी रोच, तर रेफरीने काय केलं असतं? माझं उत्तर मला माहीत आहे.

याच्याशेजारी उसिक-फ्युरीची पहिली लढत ठेवा. तिथेही नववीच फेरी. उसिकच्या डाव्या हाताने फ्युरी असा हलला की एका दोरावरून दुसऱ्या दोरावर आदळत गेला. पडला नाही, दोरांनी धरून ठेवलं म्हणून उभा राहिला, आणि रेफरीने नियमाप्रमाणे तो नॉकडाउन मोजला. नॉकडाउनमुळे फेरी १०-८. शेवटी कार्डं आली ११५-११२ उसिक, ११४-११३ फ्युरी, ११४-११३ उसिक. तो एक गुण काढा, तिसरं कार्ड ११४-११४ होतं आणि सगळी लढत बरोबरीत सुटते. त्या रेफरीने दोन्ही बाजूंच्या प्रचंड नावांकडे न बघता समोर दिसलं ते मोजलं. खेळ असा चालायला हवा.

डेव्हिस-रोच परत होईल असं सगळे म्हणत होते. त्याऐवजी डेव्हिसची जेक पॉलशी प्रदर्शनी लढत जाहीर झाली, त्याच्याहून कितीतरी जड माणसाशी. तीही पुढे रद्द झाली. रोच मात्र ज्या लढतीवर त्याचा हक्क होता तिच्यासाठी ताटकळला. जॅबवालांचा मुद्दा मला इथे पूर्ण पटतो.

साउथपॉ

दहा-आठ, रोचबद्दल एका शब्दाचाही वाद घालणार नाही.

पण जमेची बाजूही मांडायला हवी. प्रमोटर एकमेकांची तोंडं बघत नव्हते म्हणून किती लढती अडल्या! ही कोंडी कुणी फोडली तर रियाधच्या पैशाने. एडी हर्न आणि फ्रँक वॉरन हे दोन ब्रिटिश प्रमोटर वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि १ जून २०२४ ला दोघांनी आपापले पाच बॉक्सर एकमेकांसमोर उतरवले. वॉरनची बाजू पाचही लढती जिंकली. हर्नला ती रात्र जड गेली असणार, पण आपले पाच जण पणाला लावले, हे महत्त्वाचं.

मध्यमवजन

साउथपॉ, तो पैसा सौदी राजवटीला जगात आपली प्रतिमा उजळायची आहे म्हणून येतोय, हे नजरेआड करून चालणार नाही. आणि पैशाने दोन माणसं रिंगमध्ये आणता येतात, लढायला लावता येत नाही. मे २०२५ चा पहिला आठवडा आठवा. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, भर रस्त्यावर रिंग उभारली. रायन गार्सिया, हेनी, तेओफिमो लोपेझ, सगळी नावं. गार्सिया आणि हेनीला वेगवेगळ्या लढतींत जिंकवून पुढे दोघांची दुसरी लढत विकायची अशी आखणी होती. गार्सियाला रोली रोमेरोने हरवलं, आणि तरी बारा फेऱ्यांत फारसं काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी रियाधमध्ये कॅनेलो आणि विल्यम स्कल यांनी बारा फेऱ्यांत दोघांचे मिळून ४४५ ठोसे टाकले. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीत बारा फेऱ्यांच्या लढतीसाठी हा नीचांक आहे. मानधन इतकं आधीच हातात आल्यावर धोका पत्करण्याची भूक कुठून येणार?

साउथपॉ

भूक मानधनाने मरते असं नाही. उसिकने सगळं कमावल्यावरही जुलै २०२५ मध्ये वेम्ब्लीवर दुबुआला पाचव्या फेरीत उचललं, ३८ व्या वर्षी. बिवोल-बेतेरबिएव्हही त्याच पैशावर दोनदा लढले. माणूस कोण आहे यावर आहे ते.

अकरावी फेरी

सगळी चर्चा मोठ्या नावांची चालली आहे म्हणून हलक्या वजनांकडे लक्ष वेधतो. खरी चुरस बघायची तर ११२ ते १२२ पाउंडांत बघा. तिथे अमेरिकन वाहिन्यांचा पैसा कमी, म्हणून शून्य जपण्याची चैनही कमी.

नाओया इनोउए आणि नोनिटो डोनेर, ७ नोव्हेंबर २०१९, सैतामा. इनोउए २६ वर्षांचा, 'मॉन्स्टर' म्हणून ख्याती, प्रतिस्पर्ध्यांना पहिल्या-दुसऱ्या फेरीत उडवून देत आलेला. डोनेर जवळजवळ ३७ चा, सगळ्यांच्या मते उतरणीला लागलेला. दुसऱ्या फेरीत डोनेरचा डावा हुक बसला आणि इनोउएच्या उजव्या डोळ्याखालचं हाड मोडलं. नाकही. तिथून पुढे त्याला दोन-दोन डोनेर दिसत होते. दुखऱ्या डोळ्याच्या बाजूचा हात वर धरून तो दहा फेऱ्या लढला. नवव्या फेरीत डोनेरचा उजवा हात असा बसला की इनोउएचे पाय लटपटले, त्याने आयुष्यात पहिल्यांदा मिठी मारून वेळ काढला. आणि अकराव्या फेरीत इनोउएचा डावा हुक यकृतावर. डोनेर अर्धी रिंग ओलांडून पळाला आणि गुडघ्यावर बसला. उठणार नाही असं वाटत होतं. उठला! बाराव्या फेरीची घंटा वाजेपर्यंत लढला. इनोउए तिन्ही कार्डांवर जिंकला.

या लढतीआधी मी इनोउएला जबरदस्त मारणारा समजत होतो. त्या रात्री कळलं की तो त्याहून खूप मोठा आहे, आणि हे कळायला डोनेरच हवा होता. चांगला प्रतिस्पर्धी समोर आल्याशिवाय बॉक्सरबद्दल काही कळतच नाही, रेकॉर्ड काहीही सांगो. इनोउए नंतर दोन वजनगटांत निर्विवाद जगज्जेता झाला. २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये नेरीने त्याला पहिल्याच फेरीत पाडलं, २०२५ मध्ये लास व्हेगासमध्ये कार्डेनासने दुसऱ्या फेरीत. दोन्ही वेळा उठून त्याने समोरच्याला थांबवलं.

आणि त्याच हलक्या वजनांतला बाम रॉड्रिगेझ. २०२२ मध्ये एका लढतीतून कुणीतरी माघार घेतली, हा आयत्या वेळी वरच्या वजनात जाऊन क्वाद्रासशी लढला आणि पट्टा घेऊन आला. मग रुंगविसाई, एडवर्ड्स, एस्ट्राडा, एकामागून एक. एस्ट्राडाने सहाव्या फेरीत पाडलं, सातव्यात बामने शरीरावरच्या ठोशाने त्याला संपवलं. इतक्या लवकर इतके तगडे लोक घेणारा हेवीवेट दाखवा.

रिंगसाइड

बामबद्दल प्रचंड अनुमोदन. त्याच्यावर वेगळा धागा हवा.

जॅबवाला

सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं थोडं अधिक नेमकं मांडतो. साउथपॉ म्हणतात तसं, टाळाटाळ जुनी आहे आणि चांगल्या लढती आजही होतात, हे मान्य. पण त्या होण्यासाठी एका देशाच्या तिजोरीची किंवा एखाद्या इनोउएच्या स्वभावाची गरज लागावी, हे मला खटकतं. टेनिसमध्ये पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला दुसऱ्याला टाळता येत नाही, सोडत निघते आणि समोर जो येतो त्याच्याशी खेळावं लागतं. बॉक्सिंगमध्ये तसं एकदा करून पाहिलं होतं, वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सीरिज. आठ जण, बाद पद्धत. उसिक त्यातूनच क्रूझरवेटचा निर्विवाद जेता झाला, मॉस्कोत गासिएव्हला हरवून, आणि इनोउए-डोनेर ही त्याच स्पर्धेची अंतिम लढत होती. कुणाला कुणी टाळू शकलं नाही म्हणून त्या लढती झाल्या. पुढे पैशाच्या अडचणींनी ती स्पर्धा विरली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट कुणी काढली नाही, ती म्हणजे जिवाची. १९ डिसेंबर २०२५ ला मायामीत जेक पॉल अँथनी जोशुआसमोर उभा राहिला. जोशुआ म्हणजे दोन वेळचा हेवीवेट जगज्जेता, ऑलिंपिक सुवर्णविजेता. सहाव्या फेरीत पॉलचा जबडा मोडला. पॉलने हिंमत दाखवली, पडून पडून उठला, त्याबद्दल मी त्याला नाव ठेवणार नाही. पण त्या रिंगमध्ये याहून भयंकर काहीही घडू शकलं असतं आणि लढत मंजूर करणाऱ्यांना ते ठाऊक होतं. टायसनच्या वेळीही तेच, ५८ वर्षांच्या माणसाची लढत प्रदर्शनी नव्हे, अधिकृत व्यावसायिक म्हणून मंजूर झाली होती. कौशल्यात इतका फरक असलेल्या माणसांना समोरासमोर उभं करणं हे मनोरंजन म्हणून विकलं जातं तेव्हा माझा जीव खालीवर होतो. बरोबरीच्या दोघांत निदान दोघांनाही स्वतःला वाचवता येतं.

दहा-आठ

शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. परवाने देणाऱ्या आयोगांवरच बोट ठेवायला हवं, प्रमोटर विकणारच.

मध्यमवजन

वयाचा नियम सरसकट नको मात्र. पॅकियाओ ४६ व्या वर्षी, चार वर्षांच्या खंडानंतर, जुलै २०२५ मध्ये बारिओसशी जेतेपदासाठी लढला. त्याला थेट क्रमवारीत घेतलं तेव्हा मीही चिडलो होतो, कारण रांगेतल्या कुणाची तरी संधी त्याने घेतली. लढत बरोबरीत सुटली आणि बऱ्याच जणांच्या मते पॅकियाओ जिंकला होता. क्रमवारीचा अन्याय खरा आणि त्याची लढतही खरी. वैद्यकीय तपासणी कडक हवी, वयाची रेघ नको.

नवी प्रेक्षक

इतकं सगळं वाचून आता पॉल-टायसनपलीकडचं बघायचं आहे. कुठून सुरुवात करू?

अकरावी फेरी

बिवोल-बेतेरबिएव्ह, दोन्ही लढती, एकापाठोपाठ एक. समालोचनाचा आवाज बंद करा, नाहीतर त्यांचं मत तुमच्या डोक्यात बसेल. कागदावर बारा ओळी आखा आणि प्रत्येक फेरी संपली की लगेच आकडा लिहा, जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९. बेतेरबिएव्ह सतत पुढे येताना दिसेल, म्हणून फेरी त्याचीच वाटेल. तेव्हा बिवोलचे पाय बघा आणि बेतेरबिएव्हचे किती ठोसे नुसते हातांवर अडलेत ते बघा. दोन्ही वेळा परीक्षकांची कार्डं तीच होती, ११४-११४, ११५-११३, ११६-११२, फक्त जिंकणारा बदलला. तुमची दोन्ही कार्डं इथे टाका, मग आपण फेरीवार भांडू.